बार्बेक्यू सॉसची मोठी बाटली घरात आली आहे. अंगण नाही, ग्रिल नाही. काय काय करता येईल?

सोनचाफा
नणंद अमेरिकेहून येताना बार्बेक्यू सॉसची जंगी बाटली घेऊन आली. चव आधी गोड, मग आंबट आणि शेवटी धुरकट. मुलांनी सँडविचला फासून संपवायचा सपाटा लावला आहे. ती संपायच्या आत मला ती नीट स्वयंपाकात वापरायची आहे. घरात गॅस, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आणि बिडाचा तवा आहे. पुण्यातला फ्लॅट, गच्चीत शेगडी पेटवली तर सोसायटीचे सेक्रेटरी धूर दिसायच्या आत हजर.
रविवारी दहा-बारा माणसं जेवायला आहेत, त्यातली चार शाकाहारी. तंदुरीसारखं चिकन रात्रभर ह्या सॉसमध्ये मुरवायचं का? शाकाहारी मंडळींना काय करू? आणि बाटली संपल्यावर हा प्रकार घरी जमतो का? आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, हा उडवते.

खादाडखाऊ
वाचतेय. आमच्याकडेही एक बाटली फ्रिजच्या दारात वर्षभर उभी आहे.

ऑस्टिनकर
मुरवू नका हो, सोनचाफाताई. ह्या सॉसबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे.
तंदुरीला दही आणि मसाला असतो, तो तापला तरी फार बिघडत नाही. ह्या सॉसमध्ये साखर ठासून भरलेली असते. बाटलीवरचं लेबल वाचा, अमेरिकेतल्या बऱ्याच गोड ब्रँडमध्ये पहिला घटक मक्याचं सिरप असतो आणि दोन टेबलस्पूनमध्ये १६ ग्रॅमच्या आसपास साखर निघते. साधी साखर १६० अंश सेल्सिअसच्या आसपास कॅरमल व्हायला लागते, फळांतली साखर तर ११०च्या आसपासच. ओटीजी २००वर, निखारा त्याहून कितीतरी गरम. म्हणजे तंगडी आत कच्ची असतानाच बाहेरून कोळसा होणार, आणि तो कडवटपणा मग कशानेही जात नाही.
तेव्हा चिकनला आधी मीठ, मिरपूड, थोडं तिखट, लसूण आणि तेल चोळा. तेवढं हवं तर रात्रभर राहू दे. हाडासकट मांड्या किंवा तंगड्या घ्या, ब्रेस्ट नको, कोरडं पडतं. ओटीजी २००वर तापवून साधारण अर्धा तास नुसतंच भाजा. मग ब्रशने सॉसचा एक हात, पाच मिनिटं आत, बाहेर काढून दुसरा हात, पुन्हा पाच मिनिटं. चकाकी आली आणि कडांना बारीक बुडबुडे दिसले की बाहेर. थर्मामीटर असेल तर हाडाजवळ, पण हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले पाहिजेत. ट्रेला फॉइल लावा, नाहीतर गळलेला सॉस खरवडण्यात सोमवार जाईल.
आणखी एक, लावायला लागेल तेवढाच सॉस वाटीत काढून घ्या. कच्च्या चिकनला लागलेला ब्रश बाटलीत बुडवायचा नाही.

पाटावरवंटा
अहो, पण इतकं गोड चिकन खायचं कसं? आमच्याकडे कांदा-लसूण मसाला आहे, सुकं खोबरं आहे, देवाने सगळं दिलंय. चिकनला साखर लावणारी जमात मला कधी कळली नाही. (गंमत आहे, हलकेच घ्या.)

ऑस्टिनकर
पाटावरवंटा काका, तुमची तक्रार इथल्या लोकांचीही आहे बरं का. मी राहतो त्या टेक्सासात सॉसला दुय्यम मान. लॉकहार्टसारख्या गावात जर्मन स्थलांतरितांनी काढलेल्या खाटिकखान्यांतून ही परंपरा आली, तिथे मांस कागदावर ठेवून देतात आणि मांसावर सॉस ओतणाऱ्याकडे लोक जरा कीव आल्यासारखं बघतात. मीठ, मिरी आणि धूर, बास.
बाटलीत मिळतो तो घट्ट गोड प्रकार मुख्यतः कॅन्सस सिटीचा. गंमत म्हणजे तिथेही तो मुळात गोड नव्हता. हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे धुरावर भाजलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली, त्यांचा सॉस चांगलाच झणझणीत आणि मिरीचा होता. त्यांच्यामागे ब्रायंट बंधूंकडे धंदा आला आणि तिखटपणा जरा निवला. घट्ट, मळीच्या गोडीचा सॉस देशभर नेला तो रिच डेव्हिस ह्यांच्या 'केसी मास्टरपीस'ने, १९७०च्या दशकाच्या अखेरीस. हे डेव्हिस बालमानसोपचारतज्ज्ञ होते. मुलांना काय आवडतं ते त्यांना ठाऊक असणारच. तसा बाटलीबंद सॉस हाइन्झने १९४० सालीच बाजारात आणला होता.

पाटावरवंटा
पेरीसाहेबांना आमचा नमस्कार. त्यांचं जे मूळ होतं ते सांगा, डेव्हिस ठेवा नणंदेकडे.

शार्लटची_सून
काकांसाठी आमच्या राज्यातला सॉस. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात टोमॅटोच घालत नाहीत. व्हिनेगर, लाल मिरचीचे फ्लेक्स, काळी मिरी, मीठ, आणि साखर असलीच तर चिमूटभर. अगदी पाण्यासारखा पातळ. लेक्सिंग्टनच्या बाजूला त्यात थोडं केचप येतं आणि ह्यावरून इथे लोक कडाकडा भांडतात. मिसळीच्या रश्श्यावरून पुणे-कोल्हापूर भांडतं तसंच.
खाली साउथ कॅरोलिनाच्या मध्यभागात पिवळा, मोहरीचा सॉस. अठराव्या शतकात तिथे आलेल्या जर्मन वसाहतवाल्यांकडे त्याचं श्रेय जातं. मला स्वतःला हाच सगळ्यात आपला वाटतो. मी तो घरी फेसलेल्या मोहरीचा करते: मोहरीची डाळ थोड्या पाण्यात मिक्सरला फेस येईपर्यंत फिरवायची, नाकात गेली पाहिजे. मग व्हिनेगर, गूळ, मीठ, हळद, काळी मिरी. गूळ-व्हिनेगर आधी उकळून कोमट करायचं आणि मोहरी शेवटी, गॅस बंद केल्यावर. मोहरी उकळली की तिचा झणका उडून जातो आणि नुसता कडूपणा मागे राहतो.

पाटावरवंटा
हे जमलं. हे करणार. ताई, तुमच्या सासरच्यांना सांगा, आमचा सगळा राग गेला.

कुंपणावरून
शाकाहाऱ्यांच्या वतीने एक शंका. ह्या सॉसमध्ये वूस्टरशायर सॉस असतो ना? त्यात मासे असतात असं ऐकलं होतं.

शार्लटची_सून
बरोबर ऐकलंय. ली अँड पेरिन्सने १८३७ साली बाजारात आणलेल्या मूळ सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे असतात. आणि चिंचही असते! सगळ्याच बार्बेक्यू सॉसमध्ये वूस्टरशायर नसतो, पण पुष्कळांत असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर हिरवा ठिपका बघता येतो, बॅगेतून आलेल्या बाटलीवर तो नसणार. सोनचाफा, तुमच्या पाहुण्यांत कोणी कडक शाकाहारी असेल तर घटकांची यादी भिंग लावून वाचा.

सोनचाफा
वाचली. वूस्टरशायर नाही, मासे नाहीत. मक्याचं सिरप मात्र पहिल्या नंबरवर, ऑस्टिनकर म्हणाले तसंच. म्हणजे सासऱ्यांना हा सॉस नाही, त्यांची साखर आधीच वर असते. आता शाकाहारी सांगा कोणीतरी. पनीर सोडून, प्लीज. पनीरचा कंटाळा आला आहे.

दर्याकाठ
कुयरी मिळाली तर बघा. कोवळा फणस हो, ज्यात आठळ्या अजून कडक झालेल्या नसतात. कोकणात आम्ही त्याची भाजी करतो, पण गेली काही वर्षं अमेरिका-इंग्लंडात मांस न खाणारे लोक ह्याच कुयरीला बार्बेक्यू सॉस लावून पावात घालून खातात. शिजली की तिचे धागे मांसासारखे सुटतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय ते सोडा, तिकडे डब्यात बंद होऊन महाग झाली की मग तिचं कौतुक!
हाताला आणि विळीला आधी तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. साल जाड काढा, मोठे तुकडे, मीठ-हळद घालून कुकरला दोन-तीन शिट्या. पाणी पूर्ण निथळा, हे महत्त्वाचं. मग वाटीच्या बुडाने ठेचून धागे मोकळे करा. तव्यावर थोड्या तेलात कांदा परता, कुयरी पसरा आणि हलवू नका. एका बाजूला कडा तपकिरी झाल्या की उलटा. मगच सॉस, आच मंद, पाच मिनिटं. ओल्या कुयरीवर सॉस ओतलात तर लगदा होईल आणि मग लोक फणसाला नावं ठेवतील.
डब्यातला घेणार असाल तर मिठाच्या पाण्यातला घ्या, पाकातला नको.

बोरूबहाद्दर
तोंडाला पाणी सुटलं! लादीपाव, वर बारीक चिरलेला कोबी लिंबू-मीठ लावून. हे मटणवाल्यांच्या आधी संपेल.

घाटमाथा
मटणवाल्यांचा विषय निघालाच आहे तर, मटणाला हा सॉस चालतो का? सगळे चिकन आणि डुकराचंच लिहितात.

ऑस्टिनकर
चालतो, पण वेगळा. केंटकी राज्यात ओवेन्सबरो नावाचं गाव आहे, तिथला बार्बेक्यू मटणाचाच, म्हणजे मेंढीचा. एकोणिसाव्या शतकात त्या भागात लोकरीसाठी मेंढ्या भरपूर पाळत, म्हाताऱ्या मेंढीचं मांस चिवट, म्हणून तासन्‌तास मंद आचेवर भाजायचं. त्यावर लावतात तो काळा पातळ सॉस, तिथे त्याला डिप म्हणतात: वूस्टरशायर, व्हिनेगर, काळी मिरी, थोडी साखर. मेंढीचा उग्र वास त्या आंबटपणाने कापला जातो. टोमॅटोचा गोड सॉस त्याच्यापुढे मला मिळमिळीत वाटतो, हे माझं वैयक्तिक मत.
आपल्या बोकडाला थेट ओटीजीत घालू नका. आधी आलं-लसूण-मीठ लावून कुकरमध्ये नव्वद टक्के शिजवा, रस बाजूला काढा. तो रस आटवून त्यात वूस्टरशायर आणि व्हिनेगर घातलं की तुमचा डिप तयार. मग तुकडे तव्यावर किंवा ओटीजीच्या वरच्या कॉइलखाली डिपचे हात मारत खरपूस करा.

मेलबर्नची_मनी
आमच्याकडे बागांमध्ये सरकारी इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात, फुकट. बटण दाबलं की स्टीलची सपाट प्लेट तापते. जाळी नसते, म्हणजे खरं तर तो मोठा तवाच. त्यावर सॉसेज आणि कांदे भाजायचे, ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये तिरकं ठेवायचं, वर टोमॅटो नाहीतर बार्बेक्यू सॉस. इथे हा सॉस फार करून वरून घेण्यापुरताच. सोनचाफा, तव्यावर करणार असशील तर हेच लक्षात ठेव: सपाट तव्यावर सॉस घातला की तो पदार्थाला लागण्याऐवजी खाली पसरतो आणि करपतो. गॅस बंद करून गरम तव्यावर घाल, तेवढी धग पुरते.

सोनचाफा
मनी, थँक्यू गं. आता ओटीजीत चिकन आणि तव्यावर कुयरी असं ठरतंय. कुयरी मंडईत मिळेल बहुतेक.

गुऱ्हाळ
घरी करायचा प्रश्न राहिलाच की. मी कोल्हापूरचा, त्यामुळे माझं उत्तर काकवीपासून सुरू होणार.
अमेरिकेतल्या पाककृतीत मोलॅसिस लिहिलेलं असतं. साखरेचे खडे काढून घेतल्यावर जो काळा चिकट पाक उरतो तो. आपल्या कारखान्यांची मळी त्याच कुळातली, पण ती दारूच्या भट्टीला जाते, खायच्या दर्जाची नसते, तिच्या वाटेला जाऊ नका. काकवी म्हणजे काहिलीत उसाचा रस आटताना गूळ व्हायच्या आधी काढून घेतलेला पाक. त्यातून साखर काढून घेतलेली नसते, म्हणून ती जास्त गोड आणि अजिबात कडू नाही. मोलॅसिसचा तो काळा, किंचित कडसर गाभा हवा असेल तर काकवीत थोडा काळा गूळ आणि चिंचेचा कोळ घाला.
माझं प्रमाण: कांदा अर्धा, किसून, तेलावर मंद परता, गुलाबी नाही, चांगला तपकिरी. चार पाकळ्या लसूण. ब्याडगी मिरचीपूड दोन चमचे टाकून गॅस लगेच बारीक, ती जळली की सगळं मुसळ केरात. मग केचप एक वाटी, व्हिनेगर पाव वाटी, काकवी तीन टेबलस्पून, चिंचेचा कोळ एक टेबलस्पून, सोया सॉस दोन चमचे, मिरपूड एक चमचा, लवंग एकच, कुटून. पाऊण वाटी पाणी घालून मंद आचेवर वीस मिनिटं. चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि त्यात बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की झाला. गार झाल्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून थोडा आधीच उतरवा.
आपल्याकडचं केचप मुळात भरपूर गोड असतं. काकवी आधी दोनच टेबलस्पून घाला, चाखा, मग तिसरा. गरम मसाला घालू नका. घालायचा मोह होईल, पण मग ती भाजीची ग्रेव्ही लागते.

कुंपणावरून
आणि धुराचा वास? तोच तर मुख्य.

शेगडीवाला
दाल-बिर्याणीला देतो तसा धुंगार. सॉस पातेल्यात, मध्ये छोटी वाटी तरंगत ठेवा, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर दोन थेंब तेल. तूप नको, तुपाचा वास सॉसवर चढतो. झाकण घट्ट, तीन-चार मिनिटं. जास्त ठेवलं तर राखेची चव येते. बाजारात लिक्विड स्मोक मिळतो, तोही लाकडाचा धूर थंड करून पाण्यात उतरवलेलाच असतो, पण थेंबाने मोजा, चमच्याने नाही.
ज्यांना अंगण आहे त्यांच्यासाठी: बाभळीचा कोळसा चांगला, सावकाश जळतो. नारळाच्या करवंट्या पटकन पेटतात, पण भडकतात, त्या सुरुवातीला घाला आणि वर पांढरी राख चढेपर्यंत मांस ठेवू नका. एका बाजूला निखारे, दुसरी बाजू रिकामी. चिकन रिकाम्या बाजूला झाकून शिजवायचं, सॉस लावल्यावर शेवटची दोन मिनिटं निखाऱ्यांवर. फर्निचरची फळकुटं आणि प्लायवूड जाळू नका, त्यातला गोंद आणि रंग पोटात जातो.
आणि फ्लॅटवाल्यांनो, खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवणं हा जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धुंगाराचा एक निखारा ठीक, तोही खिडकी उघडून.

दर्याकाठ
व्हिनेगरबद्दल माझं एक तुणतुणं. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळतं, ते वापरून बघा. बाटलीतलं पांढरं सिंथेटिक घशाला नुसतं टोचतं, माडाच्यात मागे किंचित गोडसर वास असतो. आणि कृपा करून हा सॉस बांगड्याला लावू नका. बांगड्याच्या तेलावर टोमॅटोची गोडी बसत नाही. माशालाच लावायचा असेल तर शार्लटच्या ताईंचा मोहरीचा, तोही सुरमईला.

ओलंसुकं
सॉस थेट कुकरमध्ये घालून चिकन शिजवलं तर? तेवढाच वेळ वाचेल.

गुऱ्हाळ
तळाला लागतो. घट्ट आणि गोड, शिट्टी होईपर्यंत खाली करपलेला असतो. चिकन पाणी-कांदा घालून शिजवा, काट्याने सोडवा, रस आटवा, मग सॉस. उरलेला सॉस राजम्यात घाला, शिजलेल्या राजम्यात कांद्याबरोबर. पोरं पोळीचा रोल करून नेतात डब्यात.

खादाडखाऊ
पिझ्झा राहिला! टोमॅटोच्या ऐवजी खाली हाच सॉस, वर चिकन, लाल कांदा, कोथिंबीर. कोथिंबीर आपली वाटते, पण हा पिझ्झा १९८५ सालच्या बेव्हर्ली हिल्सचा, कॅलिफोर्निया पिझ्झा किचनसाठी एड लाडू ह्यांनी बसवलेला. (हो, आडनाव लाडूच. मलाही हसू आलं.) सॉसचा थर अगदी पातळ हवा.

सोनचाफा
रविवार पार पडला. कुयरी सगळ्यात आधी संपली, मांसाहारीच जास्त घेत होते. चिकन बत्तीस मिनिटं नुसतं आणि मग दोन हात, चकाकी अगदी फोटोसारखी. एक प्रश्न उरला: शेवटी मी गुऱ्हाळ ह्यांचा सॉसही केला, दोन वाट्या झाला. किती टिकेल? बाहेर चालेल का?

गुऱ्हाळ
बाहेर नको. व्हिनेगर-साखर आहे, पण त्यात ताजा कांदा-लसूणही आहे, आणि आपण काही कारखान्यासारखं आंबटपणा मोजून बाटली बंद करत नाही. कोरडी काचेची बाटली, गार झाल्यावर भरा, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे. कोरडा चमचा. जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेत गोठवा, लागेल तेवढे खडे काढता येतात.

शार्लटची_सून
मोहरीचा मात्र आठवड्यात संपवा, तिचा झणका उतरतो.

पाटावरवंटा
आमचा दोन दिवसांत संपला. शिळ्या भाकरीबरोबर.